पाय उचलला, पण मागच्याला दिसलं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीत ग्रँड विटाराचं स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हीवर चालणारं मॉडेल घेतलंत. महूवरून जाम गेटच्या घाटाने महेश्वरला उतरताना गिअरचा लिव्हर ‘बी’वर, म्हणजे उतारावर गाडीला जास्त ओढ देणाऱ्या खाचेत होता. मागे एक एसयूव्ही चिकटून होती, सारखी डिपर मारत होती. एका वळणाआधी तुम्ही फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललात आणि ती जवळजवळ आदळलीच. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, ब्रेक लाइट उशिरा लागतो, गाडी सर्व्हिसला दाखवू. त्यांनी मागे स्टिकर लावायचंही सुचवलंय. आणि तुम्हाला हेही हवंय की शोरूमवाले सांगत नाहीत असं या गाडीत आणखी काय आहे, आणि अशा मागे लागणाऱ्यांचं करायचं काय.

मी इंदूरमध्ये वर्कशॉप चालवतो आणि नवीन गाडी घेतलेल्यांना हायवेवर चालवायला शिकवतो. त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्याकडे येतात, फक्त सहसा वेगवेगळ्या माणसांकडून. तुमच्या बाबतीत ते एकत्र आले हे बरं झालं, कारण मुळात तो एकच प्रश्न आहे.

दिवा उशिरा लागत नाही. तुम्ही ब्रेक दाबलाच नव्हता, म्हणून तो लागलाच नाही. हायब्रिडमध्ये पाय उचलला की मोटर उलटं काम करते, चाकांकडून ऊर्जा घेऊन बॅटरीत भरते आणि गाडी हळू होते. ‘बी’मध्ये ही ओढ आणखी जास्त. पण ब्रेक लाइटचा स्विच असतो ब्रेकच्या पेडलला. पेडल हललं नाही तर दिव्याला काही कळत नाही. काही गाड्यांमध्ये, विशेषतः पूर्ण इलेक्ट्रिकमध्ये, नुसता पाय उचलूनही दिवा लागतो, पण त्याला मर्यादा आहे. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकविषयी संयुक्त राष्ट्रांचा आर-१३एच नावाचा नियम आहे. त्यात म्हटलंय, की पाय उचलल्यामुळे वेग दर सेकंदाला ०.७ मीटर प्रतिसेकंदापर्यंतच कमी होत असेल तर दिवा लागता कामा नये, ०.७ ते १.३ मध्ये लागला तरी चालेल, आणि १.३च्या वर मात्र लागलाच पाहिजे. १.३ म्हणजे सेकंदाला जवळपास पावणेपाच किलोमीटरने वेग उतरणं. म्हणजे मधल्या पट्ट्यात गाडी चांगलीच हळू होते आणि मागे काहीही दिसत नाही, तरी गाडी नियमात बसते.

आता याचा मागच्या गाडीशी हिशेब मांडा. दोघंही ८०ने चाललात. तुम्ही पाय उचललात आणि वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरने उतरू लागला. तीन सेकंदांत तुम्ही ७०च्या खाली. मागच्याला दिवा दिसला नाही, तो ८०वरच आहे. या तीन सेकंदांत दोघांमधलं अंतर साडेचार मीटरने कमी झालं. तो शहाणा असेल आणि ४० मीटर मागे असेल, तर त्याच्या लक्षातही येणार नाही. तो सहा मीटरवर असेल, तर उरलं दीड. तुमच्या घाटात वेग कमी असणार, पण नेमकं हेच झालं.

दुसऱ्या गिअरवर घाट उतरणाऱ्या साध्या गाडीतही इंजिन ब्रेकिंगला दिवा लागत नाही, हे खरं. पण तिथे माणूस मुद्दाम गिअर उतरवतो आणि घाटापुरताच उतरवतो. हायब्रिडमध्ये प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला हे आपोआप होतं. शिवाय मायलेजच्या आकड्यावर डोळा ठेवणारा माणूस सिग्नलच्या दोनशे मीटर आधीपासून पाय उचलून बसतो. मागच्याला वाटतं हा झोपलाय. मग हॉर्न, मग डिपर, मग नाक बंपरला. सगळे चिकटणारे यामुळे येतात असं मी म्हणत नाही, पण यामुळे बरेच येतात.

उपाय फार सोपा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पाय उचलल्यावर तो ब्रेकच्या पेडलवर नुसता टेकवायचा. दिवा लागेल इतकाच. लोक म्हणतात, मग चार्जिंग बुडालं की! बुडत नाही. या गाड्यांत पेडलचा हलका दाब आधी मोटरकडेच जातो; ब्रेक पॅड पुढे येतात ते जोरात दाबल्यावर, अगदी थांबताना, किंवा बॅटरीत जागा नसेल तेव्हा. डॅशबोर्डवरचं चार्जिंगचं मीटर बघा. पेडलला बोटभर दाब दिला की चार्जिंग उलट वाढतं. म्हणजे बॅटरीलाही मिळालं आणि मागच्याला दिवाही दिसला.

खात्री करायची असेल तर एखाद्या रविवारी भल्या सकाळी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर जा. मागे घरातली दुसरी गाडी ठेवा, भरपूर अंतरावर, आणि तिच्यात शेजारी बसलेल्याला फोनवर व्हिडिओ काढायला सांगा. ६०वरून आधी ‘डी’मध्ये पाय उचला, मग ‘बी’मध्ये उचला, मग पेडलला पाय टेकवा. घरी येऊन चहा घेता घेता व्हिडिओ मिस्टरांना दाखवा, सर्व्हिसची चक्कर वाचेल. रात्री चालवताना आणखी एक खूण आहे. मागच्या काचेच्या वरचा तिसरा दिवा लागला की बऱ्याच गाड्यांत त्याची लाल छटा काचेवर उमटते आणि आतल्या आरशात दिसते. ती एकदा ओळखली की आपला दिवा कधी लागतो हे आपोआप कळायला लागतं.

आता ‘बी’विषयी, कारण याबद्दल गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं बी म्हणजे बॅटरी, जास्त चार्जिंग, म्हणून शहरातही लिव्हर तिथेच ठेवतात. तुमच्या गाडीत, आणि त्याच यंत्रणेच्या टोयोटा हायरायडरमध्ये, ‘बी’ हा घाट उतरण्यासाठी आहे. त्यात इंजिनचा विरोधही वापरला जातो, म्हणजे थोडी ऊर्जा बॅटरीऐवजी फुकट जाते. सपाट रस्त्यावर त्याचा फायदा नाही. होंडा सिटीच्या हायब्रिडची मांडणी वेगळी आहे; तिथे स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी मोटरची ओढ कमीजास्त करता येते. तेव्हा एका गाडीचा सल्ला दुसरीला लावू नका.

घाटात नेमकं काय होतं ते सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की खाली येता येता इंजिन एकदम ओरडायला लागलं आणि सासूबाई घाबरल्या. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, महेश्वर त्याहून चारेकशे मीटर खाली. त्यातला मोठा भाग घाटातच उतरतो. अडीचशे मीटर धरू. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी खाली आली की एका युनिटच्या आसपास ऊर्जा सुटते, आपण विजेच्या बिलात मोजतो तेच युनिट. त्यातली काही हवा आणि टायर खातात. उरलेली बॅटरीत जायला हवी, पण तुमची बॅटरी आहे जेमतेम पाऊण युनिटची. ती कधी पूर्ण रिकामी नसते आणि तिला काठोकाठ भरूही देत नाहीत. म्हणजे जागा अगदी थोडी. घाट संपायच्या आत ती भरते. मग गाडी काय करते? नको असलेली वीज मोटरला देऊन इंजिन गरागरा फिरवते. पेट्रोल जळत नाही, इंजिन नुसतं ओझं म्हणून फिरतं. तोच तो आवाज. काही बिघडलेलं नाही, यंत्रणा तशीच बनवली आहे.

पण या क्षणापासून एक गोष्ट बदलते. मोटरची मदत कमी होते आणि पेडल दाबाल तेव्हा पॅडवर जास्त भार येतो. म्हणून वेग आधीच उतरवलेला असावा. घाटाच्या माथ्यावरच ‘बी’ टाका, ४०च्या आत या, आणि प्रत्येक वळणाआधी पेडलला पाय टेकवून दिवा दाखवा. आपल्याकडे पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकून उतरणारे महाभाग अजून आहेत. हायब्रिडमध्ये तर ते दुप्पट वेडेपणाचं आहे: मोटरची ओढ जाते, चार्जिंग जातं, आणि सगळं ओझं पॅडवर.

हा न्यूट्रलचा विषय सिग्नलवरही येतो. पलासियाला, विजयनगरला लाल दिवा दिसला की जुन्या सवयीने न्यूट्रल, हँडब्रेक आणि पाय मोकळा. हायब्रिडचं इंजिन तसंही बंद असतं, त्यामुळे वाचत काही नाही. एसी मात्र बॅटरीवर चालूच असतो, आणि न्यूट्रलमध्ये ही बॅटरी चार्ज होत नाही. उन्हाळ्यात लांब जाममध्ये असं बसलात तर बॅटरी उतरत जाते. त्यात पाय ब्रेकवरून काढल्यामुळे मागचे दिवेही विझलेले. सुसाट येणाऱ्याला कळत नाही की पुढची गाडी उभी आहे. ‘डी’त राहा, ब्रेकवर पाय ठेवा. ब्रेक होल्डचं बटण असलेल्या गाडीत ते वापरा, त्यात दिवे लागलेले राहतात. निदान मागे दोन गाड्या येऊन थांबेपर्यंत तरी.

आता मागे चिकटणाऱ्यांकडे वळू. पहिली गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते: तो मागे चिकटला की तुम्ही पुढचं अंतर वाढवा. वेग वाढवून नाही, हळूहळू मागे पडून. मागच्याचं अंतर तुमच्या हातात नाही. तुमच्या पुढचं आहे. एरवी तीन सेकंद ठेवत असाल तर पाच ठेवा. म्हणजे पुढचा अचानक थांबला तरी तुम्हाला जोरात ब्रेक मारावा लागणार नाही, आणि तुम्ही हलके थांबलात तर मागचाही थांबू शकेल. त्याने न ठेवलेलं अंतर तुम्ही त्याच्यासाठी पुढे साठवून ठेवता. जागा वाढवली की मध्ये कोणी घुसतो, हे मान्य. घुसू द्या. बायपासवर दिवसभरात जितके घुसतील त्यांच्यामुळे घरी पोचायला दोन मिनिटंही जास्त लागत नाहीत.

दुसरं, त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नका. कायद्याने दोन्ही चूक आहे. २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांत मागच्याने पुरेसं अंतर ठेवावं असं आहे, आणि योग्य कारणाशिवाय पुढच्याने अचानक ब्रेक मारू नये असंही. सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५चा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोइंबतूरजवळ एका कारवाल्याने हायवेवर अचानक गाडी थांबवली. गर्भवती पत्नीला मळमळलं हे कारण. मागची मोटारसायकल धडकली, मुलगा पडला, त्याच्या मागच्या बसखाली पाय सापडला आणि तो कापावा लागला. न्यायालयाने इशारा न देता थांबलेल्या कारवाल्यावर ५० टक्के जबाबदारी टाकली, बसवर ३० आणि अंतर न ठेवणाऱ्या, लायसन्स नसलेल्या त्या मुलावर २०. खरं कारण असूनही निम्मी जबाबदारी. रागाने मारलेल्या ब्रेकचं काय होईल ते तुम्हीच ताडा. डॅशकॅम असेल तर तुमचाही ब्रेक त्यात दिसतो, हे लोक विसरतात.

तिसरं, त्याला जाऊ द्या, पण कुठे आणि कसं ते तुम्ही ठरवा. जाम गेटच्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला साइड देत बसू नका. कडेला खडी आणि पुढे उतार असेल तर तुम्हीच घसराल. सरळ, दिसणारा तुकडा आला की डावीकडचा इंडिकेटर द्या, पेडलला पाय टेकवा, वेग हळू उतरवा आणि थोडं डावीकडे व्हा. बहुतेक जण निघून जातात. तोवर त्याच्या डिपरला उत्तर म्हणून वेग वाढवायचा नाही. वळण कितीचं आहे ते तुम्हाला दिसतं, त्याला तुमच्या गाडीचं बूड दिसतं.

आणि एक कडू गोष्ट. बायपासवर उजव्या लेनमध्ये ६०ने जाऊन मागच्याच्या डिपरची तक्रार करणारे माझ्याकडे येतात. तिथे तो उर्मट असेल, पण उजवी लेन तुमची नाही. डावीकडे या, भांडण संपलं.

ट्रकचा हिशेब वेगळा. ए. बी. रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेने मानपूर, धामणोदकडे उतरताना मागे मोठा ट्रक जवळ आला तर तो खोडी काढतोय असं समजू नका. गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती बळी घेतले हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको; त्याला आता पर्यायी रस्ता झाला तो उगाच नाही. उतारावर ट्रक मागे असेल तर त्याचे ब्रेक तापलेले आहेत असंच धरा. त्याच्यासमोर हायब्रिडचं मायलेज, ‘बी’ची ओढ वगैरे सगळं बाजूला. ॲक्सिलरेटर द्या, अंतर वाढवा आणि पहिली सुरक्षित जागा दिसताच त्याच्या रेषेतून बाहेर व्हा.

रात्री मागचा हाय बीम टाकून चिकटला तर आतल्या आरशाखालची छोटी दांडी ओढा. आपोआप मंद होणारा आरसा असेल तर तेही नको. बाहेरचे आरसे थोडे बाहेरच्या बाजूला वळवले की डोळ्यांवर थेट तिरीप येत नाही.

ज्यांच्या गाडीत अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आहे, टोयोटा इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलमध्ये किंवा सिटी हायब्रिडमध्ये, त्यांनी अंतराची सेटिंग सर्वांत लांब ठेवावी. ती जवळची ठेवली की गाडी स्वतःच जोरात ब्रेक घेते, आणि मागचा चिकटलेला असेल तर संपलंच.

राहिल्या शोरूममध्ये न सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टी. त्यातली सगळ्यांत जास्त त्रास देणारी म्हणजे साधी १२ व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी गाडी जागी करण्याचं काम ही छोटीच करते. डॅशवर ‘रेडी’ न येता नुसतं बटण दाबून तासभर गाणी ऐकलीत तर ही उतरते आणि गाडी मेल्यासारखी पडून राहते. दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन ती उठते, पण कुठे क्लॅम्प लावायचा ते मॅन्युअलमध्ये बघूनच. उलट, आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याला जंप देणं टाळा. टोचनचंही तसंच: पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोर बांधून ओढू नका, चाकांबरोबर मोटर फिरते. फ्लॅटबेड मागवा.

‘रेडी’ असताना आवाज नसतो, त्यामुळे लोक गाडी बंद समजून किल्ली खिशात टाकून उतरतात. नंतर मोठी बॅटरी उतरली की इंजिन आपसूक सुरू होतं. बंद गॅरेजमध्ये हे धोक्याचं आहे. उतरताना ‘रेडी’ विझलं का हे बघण्याची सवय लावा. राजवाड्याच्या, सराफ्याच्या गर्दीतही हेच लक्षात ठेवा: हळू वेगात गाडी बारीक कृत्रिम आवाज काढते, पण त्या गोंगाटात तो कोणाला ऐकू जातो!

मोठ्या बॅटरीला हवा घेणारी जाळी गाडीच्या आत, सहसा मागच्या भागात असते. नेमकी कुठे ते मॅन्युअलमध्ये शोधा. तिच्यावर पिशव्या, गाद्या ठेवू नका, आणि मुलं मागे बसून शेव खात असतील तर अधूनमधून व्हॅक्यूम फिरवा. ती तुंबली तर बॅटरी तापते. या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तेव्हा बॅटरी बदलण्याच्या खर्चाची भीती आत्ताच नको.

पॅड कमी वापरले जातात म्हणून पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे आरशात बघून, दोनतीनदा जरा दाबून ब्रेक घ्या. पीयूसीवाला ‘इंजिन सुरू करा’ म्हणेल आणि ते सुरू होणार नाही. त्यासाठी इंजिन चालू ठेवण्याचा एक मेंटेनन्स मोड असतो, सर्व्हिसवाल्यांकडून एकदा शिकून घ्या.

स्टिकरबद्दल: लावू नका असं नाही, पण दोन मीटरवरून डिपर मारणारा माणूस स्टिकर वाचत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अंधारात गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि मिस्टरांना मागे उभं करून तिन्ही दिवे लागतात का ते बघायला सांगा. डावा-उजवा गेला तर लोक सांगतात. वरचा गेलेला बरेच दिवस कोणाच्या लक्षात येत नाही, आणि चिकटून आलेल्या उंच एसयूव्हीच्या ड्रायव्हरला बोनेटवरून दिसतो तो तेवढाच.